समाजकार्याचं फील्डवर्क: कोण पाठवतं, कोण शिकवतं, कोण सांभाळतं

"पोरगी बीएसडब्ल्यू करते, समाजकार्याची पदवी, पण आठवड्यातले दोन दिवस कॉलेजला जातच नाही. गुरुवारी-शुक्रवारी सकाळी बस पकडते, झुआरीनगरात फिरते आणि रात्री वही घेऊन लिहीत बसते. हा कसला अभ्यास?" गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पालक हा प्रश्न विचारतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. प्रवेशाच्या वेळी 'फील्डवर्क' हा शब्द त्यांच्या कानावर पडलेला असतो. मुलीला तिथे कोणी आणि कशासाठी पाठवलं, तिथे तिच्याकडे लक्ष कोण देतं, काही झालं तर जबाबदार कोण, हे मात्र कोणी बसून सांगितलेलं नसतं. विद्यार्थ्यांनाही बऱ्याचदा ते अर्धवटच ठाऊक असतं.

आधी एक घोटाळा दूर करू. कॉलेजात 'प्लेसमेंट' म्हटलं की लोकांना नोकरी आठवते. फील्डवर्क प्लेसमेंटचा नोकरीशी संबंध नाही. विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, शाळेत, पंचायतीत किंवा वस्तीत ठरलेले दिवस पाठवायचं आणि तिथल्या कामातून शिकवायचं, इतकाच त्याचा अर्थ. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात हा भाग पहिल्यापासून आहे. भारतात या विषयाचं व्यावसायिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या संस्थेत. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट त्याआधी कित्येक वर्षं नागपाड्याच्या कामगारवस्तीत नेबरहूड हाऊस, म्हणजे वस्तीतलं समाजकेंद्र, चालवत होते. वस्तीतलं काम आधी होतं, वर्ग मागाहून आला.

रूढ पद्धत अशी: आठवड्याला दोन दिवस, साधारण १५ तास, संपूर्ण सत्रभर. १५ आठवड्यांचं सत्र धरलं तर २२५ तास होतात. याला समवर्ती फील्डवर्क म्हणतात, कारण तीन-चार दिवस वर्ग आणि दोन दिवस क्षेत्र असं ते बरोबरीने चालतं. शिवाय सुरुवातीला संस्थाभेटी, मध्ये एखादं ग्रामीण शिबिर आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटी काही आठवडे सलग काम असतं. नव्या शैक्षणिक धोरणात इतर शाखांनाही इंटर्नशिप आली आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तिला २ ते ४ क्रेडिट दिलेत. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे जास्तीत जास्त १२० तास. तुलना केली तर समाजकार्याच्या विद्यार्थ्याचे एका सत्रातलेच तास त्याच्या दुपटीच्या जवळ जातात. आता वाणिज्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा सगळ्यांचीच मुलं संस्थांची दारं ठोठावू लागली आहेत. गोव्यात ही दारं मोजकीच. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आणि मनोरुग्णांसाठीची आयपीएचबी, शाळांतले समुपदेशक, अंगणवाड्या, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम, बालगृहं, दिव्यांग मुलांच्या शाळा आणि काही स्वयंसेवी संस्था. त्यामुळे दर जूनमध्ये कॉलेजच्या फील्डवर्क समन्वयकांची एकच धावपळ सुरू होते: चाळीस मुलं आहेत, चाळीस जागा कुठून आणायच्या?

माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या बाजूने विचारला जातो. खुर्ची कुठेही मिळते. मिळत नाही तो आठवड्यातला एक तास, ज्यात संस्थेतला एखादा जाणता माणूस विद्यार्थ्याला समोर बसवून विचारतो, "काल त्या घरी काय झालं? तू असं का बोललीस?" हा तास जिथे मिळतो तिथेच फील्डवर्क होतं. तो मिळत नसेल तर संस्था कितीही नावाजलेली असो, मूल तिथे फक्त हजेरी लावतं. प्लेसमेंट सांभाळणं म्हणजे मुख्यतः हा तास मिळवणं आणि तो वर्षभर टिकवणं.

म्हणून संस्था निवडायला समन्वयकाने एप्रिल-मेमध्येच स्वतः जाऊन यावं. फोनवर "पाठवा की, कितीही पाठवा" असं उत्तर आलं तर मी सावध होईन. कितीही मुलं चालतात तिथे एकाचाही विचार झालेला नसतो. प्रत्यक्ष भेटीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. विद्यार्थ्याला रोज कोण भेटणार? ती व्यक्ती रजेवर गेली तर दुसरं कोण? पहिल्या महिन्यात त्याला काय काम द्याल? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याने इथे काय केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐकावं. "चांगली होती मुलगी, खूप मदत केली, सगळ्या फायली लावून दिल्या" असं ऐकू आलं तर तिथे मदतनीस हवी आहे, शिकणारी नको, हे समजून घ्यावं.

यानंतर मूल आणि संस्था यांची जोडी लावायची. इथे गोव्याचा भूगोल आणि गोव्याच्या भाषा मध्ये येतात. वाळपईच्या मुलाला वास्को दिलं तर पणजीला बस बदलून पोहोचेपर्यंत त्याची सकाळ निम्मी संपते. बहुतेकांचा बसचा पास घर ते कॉलेज असतो, फील्डवर्कच्या वाटेवर पदरचे पैसे जातात. महिन्याचे आठ-नऊ दिवस धरले तर काही घरांना तो खर्च जाणवतो, आणि मूल लाजून ते सांगत नाही. त्यामुळे प्रवासाचा प्रश्न फॉर्मवरच विचारलेला बरा. भाषेचंही तसंच. झुआरीनगर, बायणा भागात कन्नड आणि हिंदीवाचून पान हलत नाही, सत्तरीत-डिचोलीत मराठी वाचणारी माणसं भेटतात, सासष्टीत कोकणी चांगली हवी. या सगळ्याचा अहवाल मात्र इंग्रजीत लिहायचा. ज्या मुलाला त्या भागातल्या आजीशी चार वाक्यं नीट बोलता येत नाहीत, त्याला पहिल्याच वर्षी तिथे पाठवू नये.

स्वतःच्या गावात तर पाठवूच नये. गोवा लहान आहे. कुठल्याही ओसरीवर टेकलं की पहिला प्रश्न येतो, "तूं कोणाची गो?" आणि दोन मिनिटांत आतेभावाच्या सासुरवाडीपर्यंत नातं लागतं. एरवी हा जिव्हाळा सुखाचा वाटतो, पण समुपदेशन केंद्रात शिकणाऱ्या मुलीसमोर तिच्याच चुलतमामाची फाइल आली तर ती तिलाही जड जाते आणि त्यालाही. असं झालं तर फाइल न उघडता पर्यवेक्षकाकडे परत द्यायची, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असावं. मुलाच्या घरची परिस्थितीही जोडी लावताना लक्षात घ्यावी. वडिलांच्या दारूने ज्याचं बालपण पोळलं आहे त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घालण्याआधी त्याच्याशी एकटं बसून बोलावं. तो कदाचित फार समजुतीने काम करील, कदाचित मोडून पडेल. हे यादी पाहून कळत नाही.

जोडी ठरली की कॉलेज आणि संस्था यांच्यात लेखी बोलणं हवं. मोठा करार लागत नाही, दोन पानं पुरतात. दिवस आणि वेळ, संस्थेतल्या पर्यवेक्षकाचं नाव, कॉलेजच्या पर्यवेक्षकाचं नाव, आठवड्याचा तो ठरलेला तास, अपघात विमा कोणाचा, तक्रार कोणाकडे. याहून महत्त्वाचं म्हणजे विद्यार्थ्याने काय करायचं नाही ते: रोख पैसे हाताळणं नाही, रात्री एकट्याने मुलांची जबाबदारी नाही, कोणाच्याही वतीने पोलिसांपुढे जबाब नाही, संस्थेच्या नावाने आश्वासन नाही. ही यादी लिहिलेली असली की मूल नम्रपणे "सर, मला याची परवानगी नाही" म्हणू शकतं. पहिल्या वर्षाच्या मुलाला वरिष्ठांपुढे असं बोलायला कागदाचा आधार लागतोच.

सुरक्षिततेबद्दल कायदा बराच स्पष्ट आहे आणि तो पालकांनाही माहीत असावा. विद्यार्थी संस्थेत गेला म्हणजे कॉलेजची जबाबदारी संपली, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. यूजीसीच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक नियमांत 'कॅम्पस'ची व्याख्या कुंपणापर्यंत थांबत नाही. क्षेत्रभेटी, इंटर्नशिप, शिबिरं, अल्पकाळाच्या प्लेसमेंट हे सगळं तिच्यात धरलेलं आहे. म्हणजे संस्थेतल्या कोणी त्रास दिला तरी मुलीला कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे, येता येतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही प्रशिक्षणार्थींना संरक्षण देतो. ज्या संस्थेत दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती नसते, अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. गोव्यातल्या कित्येक स्वयंसेवी संस्था इतक्याच लहान आहेत, त्यामुळे ही गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवायला हवी.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांसमोर येणाऱ्या माहितीची. समजा शाळेत काम करताना सातवीतली मुलगी म्हणाली, "ताई, कोणाला सांगणार नाही ना? मग सांगते." तेव्हा "नाही सांगणार" असं वचन द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला एक-दोन मोठ्यांना सांगावं लागेल, पण तुझ्या वर्गात कोणाला कळणार नाही," असं सांगायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, ते काम प्रशिक्षित माणसांचं आहे. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायचं आणि त्याच दिवशी दोन्ही पर्यवेक्षकांना कळवायचं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. "शाळेचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही. गोव्याने तर २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली बाल न्यायालय स्थापन केलं. समाजकार्य शिकणाऱ्या गोव्यातल्या प्रत्येकाने तो कायदा क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी वाचलेला असावा. त्याबरोबर दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आणि गृह आधार या राज्य सरकारच्या मासिक मदतीच्या योजनांचे अर्ज एकदा तरी स्वतः भरून पाहावेत, कारण लोक पहिल्या भेटीत तेच विचारतात.

आता आठवड्याचं चक्र. विद्यार्थी दोन दिवस क्षेत्रात जातो, त्या रात्री डायरी लिहितो, ठरलेल्या वारी ती कॉलेजच्या पर्यवेक्षकाला, म्हणजे शिक्षकाला, देतो. पर्यवेक्षक वाचून शेरे मारतात, मग दोघं समोरासमोर बसतात. पंधरवड्यातून एकदा सगळा गट एकत्र बसतो. या सगळ्याचा प्राण डायरीत असतो, आणि बहुतेक डायऱ्या अशा असतात: "आज अंगणवाडीला भेट दिली. सेविकाताईंशी संवाद साधला. पालकांना पोषणाचं महत्त्व पटवून दिलं. चांगला अनुभव आला." यातून शिकवायला काही सापडत नाही. त्याच दिवसाची दुसरी डायरी अशी असू शकते:

"चार घरी गेले. तीन घरांना कुलूप. चौथ्या घरी आजी होत्या. म्हणाल्या, सगळी काजीत गेलीत, तिनसांजेला या. मी पोषणावर बोलू लागले. त्या म्हणाल्या, सून पहाटे उठून भाकऱ्या करून जाते, पोराला भरवते ती मीच. पुढे काय विचारावं मला सुचलं नाही. बसमध्ये लक्षात आलं की मी मनातल्या मनात सुनेला दोष देत होते."

ही डायरी घेऊन पर्यवेक्षक एक तास शिकवू शकतात. मार्चमध्ये, काजूच्या हंगामात, सकाळी अकरा वाजता सत्तरीच्या घरात कोण असणार, हे जाण्याआधी कोणाला विचारलं होतं? बाळाला भरवणारी आजी असेल तर आईंची बैठक बोलावून काय साधणार? आणि दोष देण्याची ती भावना आली कुठून? पुढच्या आठवड्याची योजना यातूनच निघते: संध्याकाळी जायचं आणि आज्यांशी बोलायचं. पुस्तकातलं 'समोरच्याला न जोखता स्वीकारणं' हे तत्त्व त्या मुलीला इथे कळतं, परीक्षेच्या उत्तरात कळत नाही.

डायरीत गुप्तता पाळायची म्हणजे नाव बदललं की झालं, असं नाही. "डिचोलीतल्या एका मुख्याध्यापकांची धाकटी सून" असं लिहिलं की डिचोलीतल्या कोणालाही ती कळते. गाव, आडनाव, घरातल्यांचा हुद्दा, वाड्यावरचं देऊळ, सगळं काढावं लागतं. फोटो तर मुळीच नकोत. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं २०१५ च्या बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअॅप स्टेटसला चढवलेला वाढदिवसाचा फोटोही त्यात मोडतो.

हे सारं करायला शिक्षकाला वेळ किती लागतो, याचा हिशेब कॉलेजच्या व्यवस्थापनासमोर मांडलाच पाहिजे. दहा विद्यार्थी, प्रत्येकी पाऊण तास बैठक, म्हणजे साडेसात तास. डायरी वाचायला प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे आणखी सव्वातीन तासांच्या वर. गटबैठक दीड तासाची, पण पंधरवड्यातून एकदाच. संस्थांना भेटी निराळ्या. आठवड्याला बारा तासांच्या घरात हे जातं. सहायक प्राध्यापकाचा अध्यापनाचा भार यूजीसीने आठवड्याला १६ तास धरलेला आहे. फील्डवर्कचे तास वेळापत्रकात न लिहिता वर्गांचे १६ तास वरून लादले, तर डायऱ्यांवर नुसत्या सह्या होतात. शिक्षकाच्या निष्ठेवर बोट ठेवण्याआधी वेळापत्रक पाहावं. मला या विषयात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

वर्षाच्या आखणीत गोव्याचं पंचांग विसरून चालत नाही. गणेश चवथीला वास्को-पणजीची घरं रिकामी होतात आणि माणसं मूळ गावी जातात, तो आठवडा क्षेत्राच्या हिशेबात धरूच नये. डिसेंबरात नाताळ, फाल्गुनात शिगमा, मार्चपासून काजू. निवडणूक लागली की शिक्षक, सरकारी कर्मचारी कामाला जुंपले जातात. भर पावसात आतल्या वाड्यांवर एकट्या मुलीला पाठवू नये. दुपारी एक ते चार कोणाच्या दारात जाऊ नये, हे तर सांगायलाही नको.

प्लेसमेंट बिघडते तेव्हा काय करायचं? नेहमीचं उदाहरण: तीन आठवडे झाले, मुलगा संगणकावर नावं भरतोय. थोडं कार्यालयीन काम शिकण्याचाच भाग आहे. नोंदी कशा ठेवतात हे समाजकार्यकर्त्याला यायलाच हवं. पण माणसांशी बोलणं सुरूच झालं नसेल तर मुलाने डायरीत ते लिहावं, शिक्षकाने आठवडाभरात संस्थेत जावं आणि तिघांनी मिळून पुढच्या दोन आठवड्यांचं काम कागदावर उतरवावं. तरीही काही हललं नाही तर मुलाला तिथून काढून दुसरीकडे घालावं, झालेले तास न बुडवता. हे भांडून करू नये. संस्थाही माणसं कमी, पैसा कमी अशा ओढाताणीत चालतात, आणि त्यांनी मुलाला घेतलं हे उपकारच आहेत. उलटही घडतं: मूल दांड्या मारतं आणि संस्था भिडेखातर बोलत नाही. हजेरीच्या कागदावर दर आठवड्याला सही घेतली तर हे दुसऱ्याच आठवड्यात उघड होतं, सत्राच्या शेवटी नाही.

गुणांच्या बाबतीत हीच भीड आडवी येते. संस्थेकडे फॉर्म गेला की सगळ्या रकान्यांत 'उत्तम' येतं. त्याऐवजी पर्यवेक्षकांना एकच विचारावं: या विद्यार्थ्याने अवघड प्रसंग कसा हाताळला, तो पाच ओळींत लिहा. सत्राच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा. दोन्ही वाचले की मूल कुठून कुठे आलं ते कळतं.

शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात, तो म्हणजे निघणं. कॉलेज, संस्था आणि विद्यार्थी या तिघांच्या सह्या कागदावर असतात, पण ज्यांच्या घरी मूल वर्षभर जात होतं त्यांची सही कुठेच नसते. वृद्धाश्रमातले आजोबा दर गुरुवारी वाट पाहत असतात आणि एप्रिलमध्ये पोरगा अचानक यायचा बंद होतो. म्हणून निदान महिनाभर आधी सांगायचं, "माझं शेवटचं येणं अमुक तारखेला." पुन्हा येईन असं तोंडदेखलं म्हणायचं नाही. आणि जे काम अर्धं राहिलं ते एका पानावर लिहून संस्थेकडे आणि कॉलेजकडे ठेवायचं: कोणाचा दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा अर्ज कुठे अडकला आहे, कोणाची दयानंद योजनेची कागदपत्रं पंचायतीत दिली आहेत आणि पोचपावती कोणाकडे आहे, कोणत्या घरी काय कबूल केलं होतं. जूनमध्ये येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याने पहिल्या गुरुवारआधी ते पान वाचावं, आणि जमत असेल तर जुन्या विद्यार्थ्याने त्याला सोबत नेऊन त्या घरांत ओळख करून द्यावी.